सोमवारी जॉइनिंग, बुधवारी गणपती, रविवारी महालक्ष्म्या: पहिला आठवडा कसा निभवायचा

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, नऊ वर्षं घरी राहिल्यानंतर, मला नोकरी लागली. इंदूरजवळच्या पीथमपूरची औषधांची कंपनी, क्वालिटी विभाग, रुजू व्हायची तारीख २५ ऑगस्ट, सोमवार. आनंदाच्या भरात मी लगेच होकार कळवला आणि मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे नजर गेली. मंगळवारी २६ ला हरतालिका. बुधवारी २७ ला गणपती. गुरुवारी ऋषिपंचमी. रविवारी ३१ ला महालक्ष्म्यांचं आवाहन, सोमवारी १ सप्टेंबरला पूजन आणि जेवणं, मंगळवारी विसर्जन.

आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. घरी सासूबाई, नवरा, सातवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. उभ्या असतात, पितळी मुखवट्यांच्या. सासूबाईंच्या सासूबाईंनी त्या धारहून इथे आणल्या, आणि तेव्हापासून एक वर्षही खंड पडलेला नाही.

तो आठवडा पार पडला, पण दोन-तीन ठिकाणी मी चुकले, आणि त्या चुका टाळता आल्या असत्या. त्यानंतर कॉलनीतल्या दोघी-तिघी नव्याने नोकरीला लागल्या, एक कुटुंब पुण्याहून बदली होऊन आलं, आणि सगळ्यांचे प्रश्न तेच होते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कुळाचार प्रत्येक घरचा वेगळा असतो, त्यामुळे तुमच्या घरच्या पद्धतीप्रमाणे फेरफार करून घ्या.

१. जॉइनिंगची तारीख कळवण्याआधी पंचांग उघडा

गणपती तिथीने येतो, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला. महालक्ष्म्या नक्षत्राने येतात: अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. त्यामुळे चतुर्थीनंतर कितव्या दिवशी त्या येणार हे दरवर्षी बदलतं. 'गेल्या वेळी रविवार होता, सुट्टी होतीच' हा हिशोब पुढच्या वर्षी चालत नाही. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. महालक्ष्म्यांचे तीन दिवस तुमच्या घरच्या पंचांगात बघून आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

ऑफर हातात आली की रुजू होण्याची तारीख थोडी पुढेमागे करून मागता येते. ही गोष्ट मला माहीतच नव्हती. मला वाटायचं, तारीख बदलून मागितली तर नोकरीच हातची जाईल. नंतर एचआरच्या मॅडमशी ओळख झाल्यावर त्या म्हणाल्या, 'आप बता देतीं तो हम आठ सितंबर कर देते.' एका मेलचं काम होतं. तेव्हा विचारा. नाही म्हणाले तर तयारीला लागा, पण विचारा जरूर.

२. कागदपत्रं श्रावणातच एका जागी करा

सणाच्या गडबडीत कपाटातून मार्कशीट शोधणं फार जिवावर येतं. माझी बारावीची मार्कशीट देवघराच्या खालच्या खणात सापडली, तीही रविवारी रात्री साडेदहाला. साधारण हे लागतं:

- आधार आणि पॅन, दोन्हीवर नाव अगदी सारखं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्रही.
- दहावीपासूनच्या मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्र, मूळ आणि झेरॉक्स.
- आधीच्या नोकरीचं रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा.
- रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान.
- पासपोर्ट आकाराचे सहा-आठ फोटो.
- पीएफचा यूएएन क्रमांक. जुना असेल तर तोच द्या, नवीन काढू नका. दोन यूएएन झाले की पुढे पैसे काढताना खेटे घालावे लागतात. पहिल्यांदाच काढायचा असेल तर उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून काढतात, त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल सोबत ठेवा.
- पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयसीसाठी (कर्मचारी राज्य विमा) घरच्यांचे आधार आणि फोटो.

दोन सूचना. मूळ कागद दाखवायचे आणि परत आणायचे, जमा करून यायचे नाहीत. आणि त्याच आर्थिक वर्षात आधी दुसरीकडे नोकरी केली असेल तर तिथल्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील नव्या ठिकाणी ठरलेल्या फॉर्ममध्ये द्या (२०२५ मध्ये तो फॉर्म १२ बी होता). नाही दिला तर दोन्ही कंपन्या आपापल्या पुरता हिशोब करतात आणि जुलैत विवरणपत्र भरताना मोठा कर एकदम भरावा लागतो. मला हे लागू नव्हतं, पण माझ्यासोबत रुजू झालेल्या एका मुलाला चांगलाच भुर्दंड बसला.

३. ऑफिसात पहिल्याच दिवशी सांगा, आणि नेमकं सांगा

माझी मोठी चूक इथे झाली. सोमवारी दुपारी मी साहेबांना म्हटलं, 'सर, एक सितंबर को घर पे महालक्ष्मी की पूजा है.' ते म्हणाले, 'महालक्ष्मी तो पंद्रह दिन बाद है ना?' त्यांच्या डोक्यात हत्तीवरची महालक्ष्मी होती. माळव्यातल्या घरांत ती पितृपक्षातल्या अष्टमीला पुजतात, मातीचा हत्ती आणतात. २०२५ मध्ये ती १४ सप्टेंबरला होती. मी घाईत 'हो, आमची थोडी आधी असते' एवढंच म्हणाले आणि विषय तिथेच राहिला. त्यांना वाटलं, संध्याकाळची छोटीशी पूजा असेल. त्यांनी नेमकं १ सप्टेंबरलाच माझं सक्तीचं ट्रेनिंग लावलं.

महाराष्ट्राबाहेर हे समजावून सांगावं लागतं. इंदूरमध्ये मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, राजवाड्याच्या आसपासच्या निम्म्या लोकांना पुरणपोळी ठाऊक असते, पण पीथमपूरच्या कारखान्यात देशभरातून लोक आलेले असतात. त्यांना 'गौरी' म्हणून काय कळणार? असं सांगा: 'आमच्या घरी तीन दिवसांचा कुळाचार आहे. मधल्या दिवशी वीस-पंचवीस माणसं जेवायला असतात आणि घरची सून म्हणून मला तिथे असावं लागतं. मला या तारखेला पूर्ण दिवस आणि या तारखेला अर्धा दिवस हवा आहे. त्या बदल्यात मी अमुक शनिवारी येईन.' तारीख, वेळ, बदली दिवस, तिन्ही एका दमात. मग तेच मेलवर लिहून पाठवा. तोंडी परवानगी नव्या जागी कोणाच्या लक्षात राहत नाही.

सुट्टीबद्दल काहीही गृहीत धरू नका. जिल्हाधिकारी ज्या स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात त्या सरकारी कचेऱ्यांसाठी असतात, खाजगी कंपनी त्या देईलच असं नाही. कंपनीची वर्षाची यादी पहिल्या दिवशी मागून घ्या. प्रोबेशनमध्ये रजा मिळते की पगार कापतात तेही तेव्हाच विचारा. कापणार असतील तरी चालेल, पण आधी कळलेलं बरं.

आजारपणाचं खोटं कारण देऊ नका. खूप वर्षांपूर्वी, पहिल्या नोकरीत असताना, मी पूजनाच्या दिवशी 'ताप आहे' असं कळवलं होतं. ज्या देवीपुढे हात जोडून उभी होते तिच्यासाठीच खोटं बोलले होते, ते मनातून जाईना. शिवाय दुसऱ्या दिवशी हातावरची हळद सगळ्यांनी पाहिली.

४. घरी एक रात्र बसून कामं वाटा, नावानिशी

'सगळे मिळून करू' असं ठरलं की शेवटी एकटीच करते. आम्ही चतुर्थीच्या आधीच्या शनिवारी जेवणं झाल्यावर बसलो. सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो. मी आधी त्यांना एकच विचारलं: 'आई, यातलं काय चुकवायचं नाही आणि काय सवयीने चालत आलंय?'

मला वाटलं होतं त्या रागावतील. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि बोटांवर मोजून सांगितलं. चुकवायचं नाही ते: आवाहनाची पावलं, दोघींची पूजा, पुरणाचा नैवेद्य, सोळा भाज्यांची एकत्र भाजी, आंबील, सवाष्ण, आणि विसर्जनाच्या दिवशीचे सोळा गाठींचे दोरे. सवयीने आलेलं ते: तिन्ही दिवस घरी आलेल्या प्रत्येकाला चहा-फराळ, पाच प्रकारचे लाडू, पंचवीस माणसं. पंचवीसचा आकडा त्यांच्या सासऱ्यांच्या काळापासूनचा होता, तेव्हा सगळा वाडा जेवायचा. आम्ही चौदांवर आणला. लाडू दोन प्रकारचे, तेही मराठी काकूंकडून ऑर्डर देऊन. राजेंद्र नगर, लोकमान्य नगर भागात घरगुती फराळ करून देणाऱ्या बायका आहेत, पण पंधरा दिवस आधी सांगावं लागतं.

सोवळ्याचा प्रश्नही त्याच रात्री सोडवा. आईंनी आदल्या दिवशी भाज्या धुऊन चिरून ठेवायला होकार दिला. पुरण आदल्या दिवशी शिजवायला दिला नाही. मला तो नकार पटला नव्हता, पण नैवेद्य त्यांच्या हातचा आणि निर्णयही त्यांचा. मी मान्य केलं आणि पहाटे चारला कुकर लावायचं ठरवलं.

मग कागदावर नावं लिहिली. आरास आणि विजेच्या माळा: नवरा. दुर्वा, आघाडा, फुलं: नवरा आणि मुलगा. पावलं आणि रांगोळी: मुलगी. सोळा भाज्या आणणं: नवरा. पुरण: मी आणि आई. पोळ्या लाटणं: उज्जैनहून येणारी धाकटी जाऊ. तो कागद फ्रीजवर लावला. 'हे' आधी म्हणाले, दुर्वा मला ओळखता येत नाहीत. मुलाने शिकवल्या.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट बोलून घ्या, जी बायका मनातच ठेवतात. पाळीची तारीख त्याच दिवसांत येत असेल तर पूजा कोण करणार ते ठरवा. शेजारणीने दिलेल्या, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या परस्पर घेऊ नका. घ्यायच्याच असतील तर डॉक्टरला विचारून. आमच्याकडे ठरलं की अडचण आली तर जाऊ पूजा करेल आणि मी बाहेरचं बघेन. वेळ आली नाही, पण ठरलेलं असल्यामुळे जीव टांगणीला लागला नाही.

५. बाजार: कुठे, कधी, आणि कोणत्या नावाने

किराणा सियागंजातून घाऊक भावात, पण तिथे कामाच्या दिवशी दुपारी गाडी उभी करायला जागा मिळत नाही. आम्ही आठ दिवस आधी जाऊन आलो. सुकामेवा, केशर, वेलची, जायफळ मारोठिया बाजारात. साड्या-खण शीतलामाता बाजारात. फुलं आणि भाज्या चोइथराम मंडीत, पहाटे. राजेंद्र नगरहून ती जवळ पडते. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी हार घेऊ म्हणाल तर भाव वाढलेला असतो, म्हणून फुलवाल्याला दोन दिवस आधी सांगून थोडे पैसे देऊन ठेवा.

महाराष्ट्रातून नव्याने आलेल्यांची सोळा भाज्या घेताना फजिती होते ती नावांमुळे. मंडीत घोसाळ्याला गिलकी म्हणतात, दोडक्याला तुरई, तोंडलीला कुंदरू, पडवळाला चिचिंडा, दुधीला लौकी, लाल भोपळ्याला कद्दू, घेवड्याला बालोर, अळकुड्यांना अरबी. अळूची पानं हवी असतील तर 'अरबी के पत्ते' मागा. पडवळ सहज मिळत नाही. नाही मिळालं तर सोळाचा आकडा दुसऱ्या भाजीने भरा, त्यासाठी अख्खं शहर पालथं घालू नका.

गणपतीची मूर्ती मातीचीच घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत पीओपीच्या मूर्तींना मनाई आहे, आणि घरच्या बादलीत विसर्जन करायचं तर माती लागतेच. विक्रेता 'मिट्टी की है' म्हणतो म्हणून विसंबू नका, उचलून बघा. मातीची मूर्ती त्याच उंचीच्या पीओपीपेक्षा चांगलीच जड लागते.

६. हरतालिका: उपास, जागरण आणि हातातल्या बांगड्या

नोकरीचा दुसरा दिवस आणि निर्जळी उपास. करू नका. मी सकाळी निघताना आईंनीच हातात पाण्याची बाटली दिली, म्हणाल्या, 'बसमध्ये पी. तिथे चक्कर येऊन पडलीस तर त्या वाळूच्या पिंडीला काय आवडणार आहे का?' फळं, राजगिऱ्याचा लाडू, ताक सोबत ठेवा. आमच्या गल्लीत तीजेचं जागरण रात्रभर चालतं. मी साडेदहाला उठून आले. सकाळी पावणेसातची बस होती.

आता बांगड्यांचं सांगते, कारण हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. औषधं, खाद्यपदार्थ किंवा यंत्रांच्या विभागात काम असेल तर आत दागिने चालत नाहीत. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, टिकली, कुंकू, हातातला दोरा, काहीच नाही. मी हरतालिकेच्या हिरव्या काचेच्या बांगड्या भरून गेले होते, नव्या, घट्ट. कपडे बदलायच्या खोलीत सुपरवायझर बाई दारात उभी. बेसिनवर साबण लावून एकेक उतरवत होते, बाहेर माझी बॅच खोळंबली होती. सातव्या बांगडीला घाई केली आणि ती वाढवली. काच बेसिनमध्ये पडली. औषधाच्या कारखान्यात काच फुटणं म्हणजे लगेच नोंद. दोघींनी येऊन प्रत्येक तुकडा मोजून उचलला, फरशी पुसली, रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलं. दुसरा दिवस, त्यात हरतालिका, आणि हाताला लागलेल्या काचेपेक्षा मनाला जास्त लागलं.

संध्याकाळी आईंना सांगताना माझा आवाज कापत होता. त्या उठल्या, देवघरातून कुंकवाची जुनी चांदीची डबी आणली आणि म्हणाल्या, 'सकाळी मंगळसूत्र यात काढून देवापुढे ठेवायचं आणि हात मोकळे घेऊन जायचं. आल्यावर देवाकडून परत घालायचं. देवाच्या स्वाधीन असलं म्हणजे ते गळ्यातच आहे.' आजही तसंच करते. लॉकरमध्ये दागिने ठेवण्यापेक्षा हे सुरक्षितही आहे.

तुम्हाला अशा विभागात काम असेल तर पहिल्याच दिवशी नियम विचारा आणि बांगड्या संध्याकाळी भरा.

७. चतुर्थी: स्थापना मध्यान्हीच हवी का?

शास्त्राने गणेशपूजनाला मध्यान्हकाळ सांगितला आहे. बुधवारी कामावर असणाऱ्याला तो साधत नाही. आमच्या गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले की सकाळी लवकर केलीत तरी हरकत नाही, किंवा घरातल्या दुसऱ्याने दुपारी करावी. आम्ही दुसरा मार्ग घेतला: नवऱ्याने अर्धा दिवस रजा काढली, मुलाच्या हातून प्राणप्रतिष्ठा झाली. मी मोदक पहाटे करून ठेवले आणि जेवणाच्या सुट्टीत फोनवर आरती ऐकली. गुरुजी ऐनवेळी मिळत नाहीत, त्यांना महिनाभर आधी वेळ मागावी लागते, नाहीतर पोथीवरून पूजा सांगायला घरातलं कोणी तयार करा.

खजराना गणपतीला त्या दिवशी जायचा हट्ट धरू नका. अहिल्याबाईंनी बांधलेलं ते देऊळ चतुर्थीला माणसांनी ओसंडून वाहतं, आणि त्यात बुधवार. इंदूरला गणपतीचा वार बुधवार मानतात, आपल्याकडे मंगळवार. नव्या नोकरीबद्दल दर्शन घ्यायचं तर पुढच्या एखाद्या गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी लवकर जा, शांतपणे हात जोडता येतात.

रोजच्या आरतीची वेळ बदलून घ्या. बस संध्याकाळी सातला सोडते, म्हणून आमची आरती साडेसातऐवजी सव्वाआठला झाली. मुलं थांबली. शेजारचेही त्याच वेळी यायला लागले.

८. आवाहनाचा दिवस

रविवार होता म्हणून हा दिवस सुखाचा गेला, फार सांगण्यासारखं नाही. फक्त उभारणी शनिवारी रात्रीच करून ठेवा: स्टँड, साड्यांच्या निऱ्या, मागचा पडदा. साडी नेसवायला दीड तास लागतो, घाईत निऱ्या सुटतात. मुखवटे तेवढे मुहूर्तावर बसवायचे. मुलीने दारापासून तांदळाच्या पिठाची पावलं काढली आणि आई ताम्हणात मुखवटे घेऊन आल्या. 'महालक्ष्मी आली, कशाच्या पावलांनी आली?' 'सोन्या-मोत्यांच्या पावलांनी आली.' हे विचारत-विचारत सगळं घर, कपाटं, धान्याचे डबे दाखवले. या वेळी मुलीने माझी ऑफिसची बॅगही दाखवली. आईंनी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं.

रात्री भाज्या चिरून, सोळा वेगवेगळ्या वाट्यांत, फ्रीजमध्ये. कोथिंबीर निवडून. पीठ चाळून.

९. पूजनाचा दिवस, आणि अर्ध्या दिवसाचा सापळा

ट्रेनिंग सक्तीचं होतं, म्हणून मी अर्धा दिवस मागून घेतला: साडेबाराला सुटायचं, नैवेद्य दीडला. कागदावर बरोबर बसत होतं. मी एक गोष्ट विसरले. कंपनीची बस फक्त शिफ्टच्या वेळेला सुटते. साडेबाराला पीथमपूरहून निघायला काहीच नव्हतं. पाऊस लागला होता, गेटवर रिक्षा नाही, टॅक्सीचं बुकिंग दोनदा रद्द झालं. शेवटी नवरा स्कूटरवर घ्यायला आला, राऊच्या चौकात वाहनं तुंबलेली. घरी पोचायला सव्वादोन झाले.

पहाटे चारला लावलेल्या पुरणाचा वास अजून घरात होता. पाटावर पानं मांडलेली, केळीच्या पानांना पाणी लावलेलं, वाढलेलं काहीच नव्हतं. चौदा माणसं बाहेरच्या खोलीत बसलेली. मी ओल्या साडीतच माफी मागायला लागले, तर आई म्हणाल्या, 'आम्ही नाही थांबलो, त्या थांबल्या. जा, हातपाय धू, मंगळसूत्र घाल आणि नैवेद्य दाखव.'

तेव्हा अर्धा दिवस घेणार असाल तर परतीचं वाहन आदल्या दिवशी पक्कं करा. पीथमपूर, देवास, सांवेर रोड, कुठेही काम असलं तरी हेच. आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर पूजनाला अर्धा दिवस घेऊच नका. पूर्ण दिवस घ्या, पगार कापला तरी. आवाहन आणि विसर्जन संध्याकाळी सावरून घेता येतं, पूजनाचं जेवण येत नाही.

स्वयंपाकाचा अंदाज: एक किलो हरभऱ्याच्या डाळीत आमच्या हाताच्या साधारण तीस पोळ्या होतात. चौदा माणसांना दीड किलो डाळ पुरून नैवेद्य आणि वाटपालाही उरलं. आंबील आधी करून गार होऊ द्यावी. वडे आणि भजी मात्र पान वाढताना तळायची.

दुसऱ्या दिवशी डब्यात साहेबांसाठी आणि बॅचमधल्या मुलांसाठी पुरणपोळी न्या. सोबत तूप वेगळं. साहेबांनी खाऊन विचारलं, 'ये तीन दिन वाली महालक्ष्मी का प्रसाद है?' आता त्यांना फरक माहीत आहे, आणि पुढच्या वर्षीची तारीख त्यांनीच मला विचारून लिहून घेतली.

१०. विसर्जन, निर्माल्य आणि अनंत चतुर्दशीचे रस्ते

मूळ नक्षत्रावर दहीभात, खीर-कानवल्यांचा नैवेद्य दाखवून अक्षता टाकायच्या आणि मुखवटे हलवायचे. संध्याकाळी कामावरून आल्यावर हे निवांत होतं, फक्त नक्षत्र किती वाजेपर्यंत आहे ते पंचांगात बघून घ्या.

इंदूरला कचरा सहा प्रकारांत वेगळा द्यावा लागतो, आणि गाडी सकाळी येते. निर्माल्य ओल्या कचऱ्यात टाकायचं मन होत नाही. वेगळ्या कापडी पिशवीत साठवा. सणात निर्माल्य वेगळं गोळा करतात, तिथे द्या, किंवा कुंडीत पुरा. हारांचे दोरे, जरी, थर्माकोल आधी काढा.

आमचा गणपती दहा दिवसांचा असतो. त्याआधी डोल ग्यारसेच्या, म्हणजे भाद्रपद शुद्ध एकादशीच्या, संध्याकाळी जुन्या शहरातून देवांचे सजवलेले डोल निघतात, त्या दिवशी राजवाड्याकडचं काम काढू नका. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात आणि पहाटेपर्यंत जेल रोड, एमजी रोड, राजवाडा हे रस्ते बंद असतात. दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट असेल तर घरच्या विसर्जनानंतर झोपा. नसेल तर मुलांना घेऊन एकदा जाच. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, तरी तिच्या कामगारांनी झांकी काढणं सोडलं नाही. माझे सासरे गिरणीत होते. दिवसपाळी करून रात्री झांकीचे पुठ्ठे कापायला जायचे, असं आई सांगतात.

सगळं आवरल्यावर मुखवटे मऊ सुती कापडात गुंडाळून पेटीत ठेवा, आणि त्याच पेटीत एक वही ठेवा. आमच्या वहीत आता हे लिहिलेलं आहे: माणसं चौदा, डाळ दीड किलो, फुलवाल्याला शुक्रवारी सांगितलं, पडवळ मिळालं नाही, स्टँडचा उजवा पाय हलतो, गुरुजींना आषाढात फोन करायचा. खाली मुलीने तिच्या अक्षरात भर घातली आहे: 'आईने सोमवारी पूर्ण सुट्टी घ्यायची.'